किल्पेकचं चर्च कसं पाहावं: पेन्सिल हातात घेऊन, बाहेरून आत

लेकीकडे इंग्लंडात हेरिफर्डला मी आतापर्यंत चार वेळा येऊन राहिले आणि त्या चार मुक्कामांत जवळच्या किल्पेक गावच्या जुन्या, कोरीव दगडी चर्चला नऊ फेऱ्या झाल्या. कोल्हापुरात अठ्ठावीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. एखादी गोष्ट बघायची तर ती कागदावर काढून बघायची, ही सवय तिथलीच. तरीसुद्धा पहिल्या फेरीत मी हे चर्च पाहिलंच नाही. गाडीतून उतरलो, दारापाशी फोटो काढले, आत डोकावलो, बाहेर एक चक्कर मारली आणि पाऊण तासात परत फिरलो. घरी येऊन फोनमधले एकशे चाळीस फोटो उघडले, तेव्हा कुठलं डोकं कुठल्या भिंतीवरचं हेच कळेना. एका फोटोत दोन कान दिसत होते. ते सशाचे की गाढवाचे, हे सांगता येईना. त्या रात्री मला खरंच वाईट वाटलं, कारण दगडात जीव ओतणाऱ्या माणसांचं काम समोर असताना मी फक्त बटणं दाबत होते.

मग दुसऱ्या फेरीपासून पद्धत बदलली, आणि तीच पद्धत इथे लिहिते आहे. मुलांकडे इंग्लंडला येणारे आपल्याकडचे कितीतरी आईवडील लंडन बघून झालं की घरात बसून राहतात. त्यांच्यासाठी आणि मुद्दाम वाट वाकडी करून येणाऱ्यांसाठीही.

जायचं कधी, न्यायचं काय

किल्पेक हे हेरिफर्ड शहराच्या नैर्ऋत्येला साधारण चौदा किलोमीटरवरचं खेडं. ॲबरगॅव्हेनीकडे जाणाऱ्या ए-४६५ रस्त्यावरून फाटा आत जातो. वेल्सची हद्द इथून जवळच आहे. गावाला रेल्वे स्टेशन नाही. गाडीने या, नाहीतर हेरिफर्डहून टॅक्सी ठरवा, पण टॅक्सीवाल्याला लगेच थांबवून धरू नका. निदान तीन तास मोकळे हवेत. आणि हे चर्च चालू आहे, तिथे प्रार्थना होतात, लग्नं लागतात, माणसांना शेवटचा निरोप दिला जातो. तसं काही चालू असेल तर आवाराबाहेर बसून राहा. आपल्या देवळात आरती चालू असताना कुणी कॅमेरा घेऊन पुढे आलेलं आपल्याला आवडत नाही, तसंच ते.

बरोबर एक दुर्बीण असलीच पाहिजे. पक्षी बघायची साधी दुर्बीण चालते. चर्चमधलं निम्मं कोरीवकाम छपराच्या कडेखाली, डोक्याच्या बऱ्याच वर आहे आणि नुसत्या डोळ्यांनी त्याचा जीव कळत नाही. टू-बी पेन्सिल, हातात मावेल एवढी कोरी वही, आतल्या अंधारासाठी टॉर्च, आणि घडीचं स्टूल. माझी मान दुखते म्हणून स्टूल. पण मान न दुखणाऱ्यांनीही न्यावं, बसलं की माणूस घाई करत नाही.

उजेडाचं मात्र नीट ठरवून जा. चर्च पूर्व-पश्चिम आहे आणि सगळ्यात देखणं दार दक्षिणेला. उठावाचं काम तिरप्या उन्हात बोलतं. सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला ऊन पूर्वेकडून भिंतीला घासून येतं, तेव्हा प्रत्येक रेघेशेजारी सावलीची एक रेघ उभी राहते. दुपारी ऊन समोरून आलं की तोच दगड सपाट दिसतो. वर्गात मी मुलांना मेणबत्ती बाजूला धरून नाणं दाखवायचे, अगदी तसाच हा प्रकार. ढगाळ दिवस मिळाला तर निराश होऊ नका. सावल्या मऊ होतात आणि दगडाचा लाल रंग जास्त खुलतो.

आधी थोडं मागचं

गावात शिरण्याआधी एवढं माहीत असू द्या. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. १०८६ च्या मोठ्या जमीनपाहणीत किल्पेक विल्यम फिट्झ नॉर्मन याच्या ताब्यात असल्याची नोंद आहे. वेल्सची सरहद्द म्हणजे सतत धास्तीचा मुलूख, तेव्हा टेकाड रचून त्यावर गढी बांधणं ओघानंच आलं. पुढे इथला सरदार ह्यू याने ११३४ मध्ये इथलं चर्च ग्लॉस्टरच्या मठाला दान दिलं. आज आपण बघतो ती इमारत साधारण ११४० च्या आसपासची मानतात. तो काळ शांततेचा मुळीच नव्हता. राजा स्टीफन आणि मटिल्डा यांच्यात गादीवरून यादवी चालू होती. लढायांच्या त्या दिवसांत या कोपऱ्यात पाथरवट टाकी चालवत बसले होते, हे मला दर वेळी नव्याने आठवतं.

या शैलीला युरोपात रोमनेस्क म्हणतात, म्हणजे जुन्या रोमन बांधकामाच्या वळणाची. हे नाव फार नंतरचं, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पडलेलं. इंग्लंडमध्ये लोक सरळ 'नॉर्मन' म्हणतात. ओळखायची खूण सोपी: अर्धगोल कमान, जाड भिंत, लहान खिडकी. तिन्ही गोष्टी एकमेकींत अडकलेल्या आहेत. कमान का जाड भिंत मागते हे मी मुलांना असं दाखवायचे: दोघांनी समोरासमोर उभं राहून तळहाताला तळहात लावायचे आणि पाय मागे घेत एकमेकांवर रेलायचं. हात टिकतात, पण पाय मागे घसरायला लागतात. कमानीचेही पाय असेच बाहेर घसरू बघतात, म्हणून त्यांच्यामागे जाड भिंतीचं वजन लागतं. आणि त्या भिंतीला मोठं भोक पाडलं तर तिचा जोर जातो, म्हणून खिडक्या बारीक. टोकदार कमान दिसली तर समजायचं, हे काम पुढच्या गॉथिक काळातलं. कुठल्याही खेड्यातल्या चर्चमध्ये एवढी एक खूण घेऊन गेलात तरी कुठली खिडकी मूळची आणि कुठली नंतर पाडलेली, हे तुमचं तुम्हाला सांगता येईल.

बाहेरून एक प्रदक्षिणा, काही न काढता

फाटकातून आत गेलात की लाल दार तुम्हाला ओढेल. जाऊ नका. आधी पूर्ण इमारतीभोवती एक फेरी मारा, वही बंद ठेवून.

इमारत लहान आहे आणि तिचे तीन भाग एकामागोमाग उतरत जातात. पश्चिमेला सगळ्यात मोठा भाग, लोकांनी उभं राहायचा, त्याला नेव्ह म्हणतात. मग थोडा अरुंद चॅन्सेल, पाद्र्याचा. आणि पूर्वेला अर्धगोल टोक, ॲप्स, जिथे वेदी असते. मला हे सभामंडप, अंतराळ आणि गाभारा यांच्यासारखं वाटलं. जसजसं पवित्र जागेकडे जावं तसतशी जागा लहान होते. ही तुलना फक्त समजून घेण्यापुरती. देवळातला देव गाभाऱ्यात कायम वसतीला असतो, इथे तसं नाही.

छपरावरचा छोटा घंटेचा मनोरा मात्र जुना समजू नका. एकोणिसाव्या शतकात इथे डागडुजी झाली, त्या काळचं ते काम. नेव्हच्या ईशान्य कोपऱ्यापाशी थोडं थांबा. तिथले कोनाचे दगड बाकीच्या बांधकामाच्या जातीचे नाहीत. नॉर्मन येण्याआधीच्या चर्चचा तो उरलेला तुकडा मानला जातो. कोरलेलं काही नाही, म्हणून कुणी बघत नाही.

दगड जवळून बघा. हा इथलाच जुना लाल वालुकाश्म. लोखंडाच्या गंजाने त्याला रंग आला आहे, आपल्या कोकणातल्या जांभ्यासारखाच. पण जांभा भोकाभोकांचा, हा घट्ट आणि बारीक दाण्याचा. बारीक दाणा असल्यामुळेच त्यात नखाएवढी रेघ कोरता येते आणि ती टिकते. हात लावायचा मोह होईल. लावू नका. पावणेनऊशे वर्षं टिकलेली धार आपल्या बोटांच्या घामाने आणि घासण्याने जाते.

कॉर्बेल: मोजत मोजत

आता वही उघडा. छपराच्या कडेखाली भिंतीतून बाहेर आलेले दगडी ठोकळे आहेत, त्यांना कॉर्बेल म्हणतात. काम साधं: वरच्या कडेचा दगड पेलणं. पण इथे प्रत्येक ठोकळ्याला तोंड दिलंय. आज असे ८५ शिल्लक आहेत. जॉर्ज रॉबर्ट लुईस नावाच्या चित्रकाराने १८४२ मध्ये या चर्चची चित्रं छापून काढली, त्यात आणखी सहा होते. म्हणजे एका माणसाने बसून काढलं म्हणून आपल्याला ते सहा गेल्याचं कळतं. वही न्या असं मी का सांगते, ते लक्षात आलं असेल.

माझी पद्धत अशी. दक्षिण दाराच्या डोक्यावरून सुरुवात करायची आणि उजव्या हाताने पूर्वेकडे सरकत जायचं. वहीत आधी नुसत्या चौकोनांची रांग काढायची, एका कॉर्बेलला एक चौकोन, वर आकडा. भिंत वळली की उभी रेघ. मग दुर्बिणीतून एकेक बघायचा आणि चौकोनात पाच रेघांत उतरवायचा. चित्र सुंदर यावं म्हणून धडपडू नका. कान कुठे, डोळा कुठे, तोंड उघडं की मिटलेलं, एवढंच. फोटो नंतर काढा, त्याच क्रमाने. असं केलं तर घरी आल्यावर प्रत्येक फोटोला त्याचा पत्ता असतो.

आणि नाव द्यायची घाई करू नका. पहिल्यांदा मी एका ठोकळ्याखाली 'घोडा' लिहून ठेवलं होतं. घोड्यासारखाच होता, लांब पाय, लांब मान. तिसऱ्या फेरीत पाठीमागचा क्रॉस दिसला. ती 'देवाचं कोकरू' ही ख्रिस्ताची खूण आहे. पाथरवटाने कोकराला घोड्याचा डौल दिलाय एवढंच. तेव्हापासून मी आधी काढते, मग लिहिते.

सगळ्यांत माझा जीव जडला तो कुत्रा आणि ससा यांच्या जोडीवर. एकाच ठोकळ्यावर दोघे गालाला गाल लावून बसलेत. कुत्र्याचं नाक बोथट, डोळे मोठे गोल. शेजारी सशाचे लांब कान. बाहुलीचे शिवावेत तसे डोळे आहेत. बाहेर गोल कडा, आत दुसरा गोल, संपलं. दोन गोलांत त्या माणसाने असा भाव आणला की शिकारी कोण आणि शिकार कोण हेच विसरायला होतं. नातवाला दाखवलं तर तो म्हणाला, "आजी, हे तर कार्टूनमधले आहेत!" त्याला मी म्हटलं, बाळा, कार्टूनवाल्यांच्या आधी हे होते. मी ही जोडी आत्तापर्यंत सहा वेळा काढली. अजून सशाचा कान त्या वळणाने येत नाही. रेघ वर जाताना किंचित आत झुकते आणि टोकाला पुन्हा बाहेर येते. हे वळण मला चौथ्या चित्रात कळलं, हाताला अजून जमलेलं नाही.

बाकी डुक्कर आहे, मेंढा आहे, तंतुवाद्य वाजवणारा माणूस आहे, एकमेकांना कवटाळलेली दोन माणसं आहेत. ती कुस्ती खेळतात की प्रेम करतात, यावर माझं आणि लेकीचं एकमत झालेलं नाही. काही ठोकळ्यांवर माणूस तोंडात धरलेले राक्षसी जबडे आहेत. धर्माची उघड खूण असलेले अगदी थोडे.

पूर्वेच्या गोलाईवर एक बाई आहे. ती आपलं गुह्यांग दोन्ही हातांनी उघडून दाखवते आहे. इंग्रजीत अशा मूर्तींना शीला-ना-गिग म्हणतात. बरोबर मुलं असली की मोठी माणसं इथून भराभर पुढे सरकतात, आपलीही आणि तिथलीही. माझं सांगणं आहे की थांबा. चेहरा बघा. मोठे डोळे, तोंडाशी शांत भाव, तो कुत्रा कोरणाऱ्याच हाताने काढल्यासारखे. ती वासनेपासून सावध करायला आहे, की वाईट नजर परतवायला, की बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून, यावर अभ्यासकांत मतं वेगवेगळी आहेत. बदामीच्या संग्रहालयात लज्जागौरी पाहिलेल्या माणसाला ती आठवणारच, मलाही आठवली. पण दोघींमध्ये नातं असल्याचा पुरावा नाही. लज्जागौरीला डोक्याच्या जागी कमळ असतं. हिला डोकं आहे आणि ती सरळ आपल्याकडे बघते. दोघी शेजारी काढून बघा, फरकच जास्त बोलतात.

दक्षिणेचं दार

आता दारापाशी या. स्टूल टाका. इथे एक तास द्या, कमी नको.

दार वाचायचं ते बाहेरून आत, आणि खालून वर. दोन्ही बाजूंच्या खांबांपासून सुरू करा. डाव्या खांबावर वेलींच्या जाळ्यात गुंतलेले दोन योद्धे आहेत, एकाच्या वर एक. त्यांचे कपडे बघा: ढगळ पायजमा, अंगाला घट्ट सदरा, डोक्याला टोपी. कापडाची घडी दाखवायला पाथरवटाने समांतर, किंचित वळलेल्या रेघा मारल्या आहेत, एकीशेजारी एक, जणू नांगरलेलं शेत. ही रेघांची घडी नीट डोळ्यात साठवून ठेवा. या हातांची ती सहीच आहे. पुढे दुसऱ्या गावांत हीच सही शोधायची आहे. खांबांच्या बाहेरच्या अंगाला साप आहेत, एकाच्या तोंडात दुसऱ्याची शेपटी.

उजव्या खांबाच्या माथ्यावर एक चेहरा आहे, तोंडातून पानाफांद्या बाहेर पडणारा. इंग्रज त्याला 'हिरवा माणूस' म्हणतात. आपल्या माणसाला कीर्तिमुख आठवल्याशिवाय राहत नाही. मी खिद्रापूरच्या कोपेश्वराची चित्रं काढत मोठी झाले. तेही बाराव्या शतकातलं शिलाहारांचं काम, म्हणजे त्याच शंभर वर्षांत दोन्हीकडे टाक्या चालल्या होत्या. पण इथेही पेन्सिल खरं सांगते. आपलं कीर्तिमुख बहुधा खालच्या जबड्याशिवाय असतं, ते गिळतं. इथला चेहरा तोंडाच्या कोपऱ्यांतून देठ बाहेर सोडतो, आणि ते देठ खांबाच्या माथ्यावर पसरत जातात. हा उगवणारा चेहरा आहे. 'अगदी आपल्यासारखंच' म्हणून पुढे गेलं की तो देठ कुठून निघतो हे बघायचं राहूनच जातं.

मग वरचा अर्धगोल दगड, टिंपनम. बाकीच्या अनेक चर्चमध्ये इथे ख्रिस्त बसलेला असतो. इथे एक झाड आहे, जीवनवृक्ष. मधलं खोड, दोन्हीकडे समतोल वळणाऱ्या फांद्या. त्याच्या खाली नागमोडी, करवतीच्या दात्यांसारखी नक्षी. या भागातली कोरणी बाकी दारापेक्षा शांत आहे, आणि ते मला फार योग्य वाटतं, कारण भोवती नुसता गलबला आहे. कमानीच्या बाहेरच्या पट्ट्यात साखळीसारखी वर्तुळं, प्रत्येक वर्तुळात पक्षी किंवा वळवळणारा प्राणी, आणि दोन वर्तुळांना जोडणारे मुखवटे. आतल्या पट्ट्यात चोच असलेली डोकी, चोच खालच्या गोल कडेवर रोवलेली.

कमान म्हणजे एक दगड नाही, हे इथे डोळ्यांनी तपासा. सांधे शोधा. प्रत्येक वर्तुळ किंवा डोकं साधारण एकेका पाचरीच्या दगडावर बसवलेलं दिसेल. आधी लाकडाचा अर्धगोल सांगाडा उभा करायचा, त्यावर दोन्ही बाजूंनी पाचरी रचत आणायच्या, मधला दगड बसला की सांगाडा काढून घ्यायचा. त्यामुळे एकेका दगडावर एकेक प्राणी पुरा झाला की काम सोपं होतं. सांधे दिसायला लागले की नक्षीची योजना आपोआप कळते. वर्गात मुलांना कागदी पाचरी कापायला लावून मी असंच शिकवायचे.

मग चार पावलं पश्चिमेला जा. पश्चिमेच्या भिंतीतून, कोपऱ्यांपाशी, लांब दगडी सोंडेसारखी डोकी बाहेर आली आहेत. जबडा वासलेला, आत गुंडाळलेली जीभ. उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांच्या होड्यांच्या टोकांवर अशी डोकी असत, म्हणून लोक व्हायकिंग वळण म्हणतात. दगडाचा एवढा लांब भाग भिंतीबाहेर हवेत आणि आत जबडा पोखरलेला. एक घाव चुकला असता तर सगळं खाली. तिथे मी काही काढलं नाही, नुसती उभी राहिले.

आत

आत गेलात की दोन मिनिटं डोळे मिटा, मग उघडा. बाहेरच्या उन्हातून आल्यावर काही दिसत नाही, आणि माणसं तेवढ्यातच 'आत काही नाही' म्हणून परततात.

नेव्ह आणि चॅन्सेल यांच्यामधल्या कमानीच्या खांबांवर दोन्ही बाजूंना तीन-तीन संत आहेत, एकाच्या डोक्यावर एक उभे. किल्ली हातात असलेला पीटर, ख्रिस्ताचा शिष्य, ओळखता येतो. टॉर्च बाजूने धरा, समोरून नको. कपड्यांवर तीच नांगरटीची रेघ दिसेल. खांबावर माणसं अशी एकावर एक उभी करण्याची पद्धत स्पेनमधल्या सांतियागोच्या मोठ्या चर्चच्या दक्षिणदाराशी जुळते. याच परिसरातला ऑलिव्हर द मर्लिमॉन्ड नावाचा कारभारी सांतियागोची यात्रा करून आला आणि त्याने शॉब्डन गावी चर्च बांधवलं. त्याच्याबरोबर एखादा पाथरवट गेला असावा किंवा वाटेत पाहिलेलं त्यांनी चित्रांतून आणलं असावं, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. मला त्यात नवल वाटत नाही. वारीला गेलेला माणूस नुसता दर्शन घेऊन येत नाही, वाटेत पाहिलेलं मनात घेऊन येतो.

ॲप्समध्ये मान वर करा. अर्धगोल छतावर दगडी बरगड्या मध्यावर एकत्र येतात. बरगड्यांचं मोठं छत इंग्लंडमध्ये डरहॅमच्या कॅथीड्रलवर १०९३ नंतर चढायला लागलं. ती कल्पना पन्नासेक वर्षांत या खेड्यापर्यंत पोचली. खिडक्या तीनच, लहान, गोल माथ्याच्या. सकाळी त्यांतून येणारं ऊन वेदीवर पडतं. बाप्तिस्म्याचं दगडी कुंड मोठं आणि नक्षीशिवाय आहे. पवित्र पाण्याचं एक छोटं पात्र मात्र शोधून बघा: गोल पोट, आणि ते दोन हातांनी धरलेलं.

बाहेर पडून मागच्या टेकाडावर पाच मिनिटांत चढता येतं. गढीच्या भिंतीचे थोडे तुकडे उरले आहेत, आणि वरून चर्चचं छप्पर दिसतं. चर्चच्या दुसऱ्या अंगाला गवताखाली उंचसखल रेघा दिसतील. तिथे जुनं गाव होतं, ते उठून गेलं.

पुढची गावं

डोळ्यात साठवलेली ती सही आता कामाला लावायची. या पाथरवटांची नावं कुठे नाहीत. त्यांच्या कामाला हेरिफर्डशर शाळा म्हणतात. ही शाळा म्हणजे एकत्र शिकलेल्या हातांची परंपरा. शॉब्डनचं चर्च १७५० च्या दशकात पाडलं गेलं आणि त्याच्या कमानी जवळच्या उंचवट्यावर शोभेसाठी उघड्यावर उभ्या केल्या. अडीचशे वर्षांचा पाऊस खाऊन तिथली माणसं विरून गेली आहेत. किल्पेक पाहिल्यावर लगेच ते बघू नका, जीव तुटतो. पण एकदा जरूर बघा. कापडाच्या रेघा कुठे कुठे अजून लागतात.

अर्डिस्लीच्या चर्चमधलं बाप्तिस्म्याचं कुंड मात्र ठणठणीत आहे. त्यावर दोन योद्धे लढतायत, एक सिंह आहे, आणि ख्रिस्त माणसांना नरकातून ओढून काढतोय. पायजम्याची घडी बघा आणि किल्पेकच्या डाव्या खांबाचं चित्र शेजारी धरा. मी धरलं तेव्हा अंगावर काटा आला.

एकाच दिवशी दुसरं काही जोडायचं असेल तर रोलस्टन घ्या, किल्पेकहून लांब नाही. दारावरच्या दगडात ख्रिस्त बसलाय आणि त्याला धरणारे देवदूत डोकं खाली, पाय वर असे आहेत. चर्च पीटरचं, आणि पीटरला उलटं टांगून मारलं अशी श्रद्धा असल्यामुळे आत खांबावरही उलटी माणसं आहेत. काढताना हात गोंधळतो. तिथे वही उलटी फिरवा, देवदूत सरळ धरून काढा. एकाला निदान दहा मिनिटं द्या. मग वही पुन्हा सुलटी करून दगडाशी ताडून बघा: झग्याच्या रेघा त्यांच्या पायांकडे, म्हणजे वर, कशा निमुळत्या होत जातात ते.